कावेरीचा दगडी बंधारा : कल्लणै

लहानपणी आमच्या घरी स्नानाच्या वेळी सात नद्यांचे स्मरण करण्याचा परिपाठ असे. गंगेपासून आरंभ होई आणि कावेरीपाशी ते संपे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत वाढलेल्या आम्हां मुलांनी यांपैकी एकही नदी पाहिलेली नव्हती. आमच्या लेखी ती केवळ सात नावे होती. चाळिशी उलटल्यावर, शाळेच्या ऑगस्टमधील सुटीत, त्यांतील शेवटच्या नावाचे प्रत्यक्ष दर्शन घडले.

माझ्यासमवेत आमच्या शाळेतील एक तामिळ सहशिक्षक होते. तंजावरला जाऊन बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहावे, एवढाच माझा संकल्प होता. ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या भोसल्यांचे वैभव ज्या भातावर उभे होते, त्या भाताचे मूळ आधी पाहा.” म्हणून तिरुचिरापल्लीहून आम्ही प्रथम कल्लणै येथे गेलो. ‘कल्’ म्हणजे दगड व ‘अणै’ म्हणजे बंधारा. नाव जितके साधे, तितकेच हे बांधकामही प्रथमदर्शनी साधे वाटते. वरून पूल जातो आणि शेजारी लोखंडी दरवाजांच्या रांगा दिसतात. हे सारे अलीकडच्या शतकांतील. मूळ बंधारा म्हणजे पाण्यात पहुडलेली, नागमोडी वळणाची दगडी भिंत. लांबी सुमारे ३२९ मीटर, रुंदी सुमारे २० मीटर आणि उंची जेमतेम साडेपाच मीटर.

एवढ्या ठेंगण्या भिंतीचे महत्त्व कळण्यास नदीची रीत ध्यानी घ्यावी लागते. तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेस मुक्कोंबू येथे कावेरीचे दोन प्रवाह होतात. उत्तरेकडील तो कोळ्ळिडम् आणि दक्षिणेकडील ती कावेरी. मध्ये श्रीरंगमचे बेट. बेटाच्या पूर्व टोकाशी दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात. कोळ्ळिडम् चे पात्र अधिक खोल असून त्याची समुद्राकडील वाट अधिक सरळ आहे. त्यामुळे कावेरीचे पाणी तिकडे धाव घेई आणि तंजावरची शेते कोरडी राहत. कल्लणैने ही पळवाट अडविली. शेतांना हवे ते पाणी कावेरीत राखावयाचे आणि पुराचे जादा पाणी भिंतीवरून कोळ्ळिडम् मध्ये जाऊ द्यावयाचे, अशी ही योजना आहे. पाणी साठविण्यासाठी नव्हे, तर वाटून देण्यासाठी हा बंधारा जन्मास आला.

त्याची बांधणी तर अधिकच विचार करावयास लावते. येथे नदीच्या तळाशी खडक नाही, नुसती खोल वाळू आहे. पाया घालावयाचा कशावर? प्राचीन कारागिरांनी मोठमोठे दगड वाळूवर टाकले. पाणी त्यांच्याखालची वाळू उकरून नेई व दगड खाली रुतत. त्यांवर दुसरे दगड, पुन्हा तिसरे, असे करता करता ते स्थिरावले आणि तोच पाया झाला. ज्या प्रवाहाने पाया उखडावयाचा, त्याच्याकडूनच त्यांनी पाया घालून घेतला!

हे कोणी केले? परंपरा चोळ राजा करिकाल याचे नाव सांगते व काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक मानते. सातव्या शतकातील मालेपाडूचा आणि अकराव्या शतकातील तिरुवालंगाडूचा असे दोन ताम्रपट, करिकालाने कावेरीस बांध घातल्याचे सांगतात. परंतु हे दोन्ही लेख त्याच्यानंतर काही शतकांनी कोरलेले आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. श्रीलंकेतील उत्तरकालीन ग्रंथांत आणखी एक कथा येते : चोळ राजाने तेथून बारा हजार माणसे धरून नेली व त्यांना कावेरीच्या कामास लावले. ती अक्षरशः खरी मानता येणार नाही. तरी समुद्रापार नेलेल्या त्या मजुरांची आठवण होताच माझे मन मॉरिशसकडे वळले. आमच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे प्रचंड ढीग आजही उभे आहेत. ते दगड वेचणाऱ्या हातांत मुंबई बंदरातून आलेल्या आमच्या पूर्वजांचेही हात होते. त्या ढिगांवर कोणाचे नाव नाही.

भोसल्यांचा या बंधाऱ्याशी संबंध आला तो बांधणारे म्हणून नव्हे, राखणारे म्हणून. तंजावरचे मराठी राज्य १६७६ च्या सुमारास स्थापन झाले. पण बंधारा पडला तिरुचिरापल्लीच्या हद्दीत. अर्काटच्या नबाबाने आपल्या हद्दीचा हक्क पुढे केला, तेव्हा १७६४-६५ च्या सुमारास तुळजाजी राजांशी त्याचा कलह झाला. वादाचा विषय होता बंधाऱ्याची डागडुजी कोणी करावी हा! अखेर कंपनीने मध्यस्थी केली व राजांचा दुरुस्तीचा हक्क मान्य झाला. डागडुजी हे ओझे नव्हे, तो एक हक्क आहे आणि त्यासाठी भांडावे लागते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

पुढे इंग्रज अमदानीत गाळामुळे कावेरीचे पात्र भरू लागले. आर्थर कॉटन या अभियंत्याने १८३६ ते १८३८ या काळात मुक्कोंबू येथे वरचा बंधारा बांधून पाण्याची वाटणी सावरली. वाळूत पाया कसा घालावा हे आपण येथील जुन्या बांधकामापासून शिकलो, असे त्याने मोकळेपणाने नमूद केले आहे. हीच विद्या त्याने पुढे गोदावरीवरील दवलेश्वरम् येथे वापरली. २२ ऑगस्ट २०१८ रोजी मुक्कोंबूच्या त्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे पुरात वाहून गेले. त्यावरून जुने तेवढे सोने असा निष्कर्ष मात्र काढू नये. कल्लणैलाही प्रत्येक काळात उंची वाढवून, दरवाजे बसवून, दगड बदलून जपावे लागले आहे.

आजही जूनमध्ये मेट्टूर धरणातून पाणी सुटले की थोड्या दिवसांनी कल्लणैचे दरवाजे उघडतात आणि लोक प्रवाहात फुले व भात टाकतात. माझ्या सहशिक्षकांनी ओंजळभर पाणी उचलून डोळ्यांना लावले. मीही तसेच केले.

आमच्या वडिलांच्या पिढीने बैठकांत दिव्याच्या उजेडात मराठी अक्षरे गिरविली. आज त्या वर्गांतील बाके रिकामी होत चालली आहेत. परत आल्यावर वर्गात मी कल्लणैचे चित्र काढले. मुलांनी नेहमीप्रमाणे विचारले, “गुरुजी, हे कोणी बांधले?” मी उत्तर दिले, आणि मग फळ्यावर दुसरा प्रश्न लिहिला : “हे कोणी टिकविले?”