उत्थापन गुणांक आणि राईट बंधूंचे १९०१ चे प्रयोग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विमानाचे पंख हवेतून पुढे जात असताना त्यांवर ऊर्ध्व दिशेने जे बल निर्माण होते त्यास उत्थापन असे म्हणतात. हे बल हवेची घनता, वेग, पंखाचे क्षेत्रफळ आणि एक निव्वळ संख्या यांवर अवलंबून असते. या संख्येस उत्थापन गुणांक किंवा प्रचलित भाषेत ‘लिफ्ट कोएफिशंट’ म्हटले जाते. पंखाचा आकार, त्याचा बाक आणि वाऱ्याच्या दिशेशी त्याने केलेला आघातकोन यांचा सर्व परिणाम या एका संख्येत सामावलेला असतो. पाठ्यपुस्तकांत हा गुणांक तयार व्याख्येच्या रूपात येतो. त्यामुळे तो सिद्ध होण्यापूर्वी संशोधकांना कोणत्या अडचणींतून जावे लागले, याची कल्पना विद्यार्थ्यांना येत नाही. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील विल्बर आणि ऑर्व्हिल राईट या बंधूंच्या १९०१ मधील प्रयोगांच्या आधारे या गुणांकाच्या इतिहासातील एका निर्णायक टप्प्याचा विचार केला आहे.

जुने सूत्र व त्यातील दोन संख्या

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्थापनाचे गणित पुढील सूत्राने केले जाई :

उत्थापन = क × क्षेत्रफळ × (वेग)² × उत्थापन गुणांक

यातील ‘क’ हा हवेच्या दाबाचा स्थिरांक होय. वाऱ्याला काटकोनात धरलेल्या एक चौरस फूट सपाट पत्र्यावर ताशी एक मैल वेगाच्या वाऱ्याने पडणारा दाब, असा त्याचा अर्थ. ब्रिटिश अभियंते जॉन स्मीटन यांनी पाणचक्क्या व पवनचक्क्यांविषयीचा आपला निबंध १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यात वाऱ्याच्या दाबाचे एक कोष्टक होते. त्यावरून पौंड, चौरस फूट व ताशी मैल या एककांत ‘क’ चे मूल्य ०.००५ ठरले आणि ते स्मीटन यांच्या नावाने रूढ झाले. वस्तुतः हे कोष्टक स्मीटन यांनी स्वतः केलेल्या मोजमापांचे नव्हते. ते त्यांना राउस नामक गृहस्थांकडून मिळाले होते. तथापि स्मीटन यांच्या अधिकारामुळे हे मूल्य सुमारे १४० वर्षे अभियांत्रिकीच्या ग्रंथांतून उद्धृत होत राहिले. सॅम्युअल लँगली यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे मूल्य ०.००३ च्या आसपास आढळले होते, परंतु त्यामुळे जुना आकडा लगेच मागे पडला नाही.

दुसरी संख्या म्हणजे उत्थापन गुणांक. या बाबतीत जर्मन संशोधक ओटो लिलिएंथाल यांचे कार्य मूलगामी आहे. फिरत्या भुजेच्या टोकाशी बाकदार पृष्ठे बसवून त्यांनी अनेक वर्षे मोजमापे केली आणि पक्ष्यांच्या उड्डाणावरील आपला ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्यांच्या मोजमापांवरून विविध आघातकोनांसाठी गुणांकांचे कोष्टक तयार झाले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ग्लायडर कोसळून त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा उड्डाणाच्या अभ्यासकांपाशी त्यांचे हेच कोष्टक प्रमाण म्हणून उरले होते.

किटी हॉक येथील विसंगती

राईट बंधूंनी १९०० व १९०१ ची ग्लायडरे याच दोन संख्यांच्या आधारे आखली. उत्तर कॅरोलायनातील किटी हॉक येथे १९०० मध्ये केलेल्या चाचण्यांत उत्थापन अपेक्षेपेक्षा कमी मिळाले. म्हणून १९०१ च्या ग्लायडरचे पंख २२ फूट लांब व ७ फूट रुंद असे मोठे करण्यात आले. त्यांचे एकूण क्षेत्रफळ २९० चौरस फूट होते. तरीही प्रत्यक्ष उत्थापन गणिताने आलेल्या आकड्याच्या जेमतेम एक-तृतीयांश भरले. उन्हाळ्याच्या अखेरीस दोघे बंधू निराश मनाने डेटन येथे परतले. १८ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागो येथे अभियंत्यांच्या संस्थेपुढे दिलेल्या व्याख्यानात विल्बर यांनी या विसंगतीचा उल्लेख केला.

येथे खरी अडचण तार्किक होती. सूत्रात ‘क’ आणि गुणांक यांचा गुणाकार आहे. गुणाकाराचे फळ चुकले तर दोष कोणत्या अवयवात आहे, हे केवळ ग्लायडर उडवून समजत नाही. उदाहरणार्थ, ३०० चौरस फुटांचा पंख, ताशी २५ मैल वेग आणि ०.५ गुणांक घेतला, तर ‘क’ ०.००५ धरल्यास उत्थापन सुमारे ४६९ पौंड येते, ०.००३३ धरल्यास ते सुमारे ३०९ पौंडच भरते. मात्र ‘क’ तसाच ठेवून गुणांक ०.३३ मानला, तरी नेमके हेच उत्तर येते.

सायकल आणि वातविवर

राईट बंधूंचा पहिला संशय लिलिएंथाल यांच्या कोष्टकावर होता. सायकलच्या हँडलपुढे मोकळे फिरणारे एक आडवे चाक बसवून त्यावर एक बाकदार पृष्ठ आणि एक सपाट पत्रा त्यांनी जोडला. कोष्टकाप्रमाणे बाकदार पृष्ठाच्या ५ अंश कोनास दोहोंचा समतोल साधावयास हवा होता. प्रत्यक्षात १८ अंश लागले. या ओबडधोबड चाचणीने संशय बळावला, परंतु अचूक मापन त्यातून शक्य नव्हते. म्हणून सुमारे ६ फूट लांब व आतून १६ इंच चौरस असे लाकडी वातविवर त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात उभारले. वाऱ्यासाठी पंखा होता आणि तो दुकानातील यंत्रावर चाले. ऑक्टोबर ते डिसेंबर १९०१ या काळात लहान धातूच्या पंखांचे अनेक नमुने त्यात तपासले गेले.

यातील विशेष भाग म्हणजे करवतीची पाती व सायकलच्या आऱ्यांची तार वापरून बनविलेला तराजू. त्यावर नमुन्याचे उत्थापन त्याच वाऱ्यात काटकोनात ठेवलेल्या सपाट पट्ट्यांवरील दाबाशी तोलले जाई. दोन्ही बाजूंना वारा एकच असल्याने वेग व ‘क’ ही दोन्ही पदे आपोआप निघून जात आणि तराजू फिरल्याच्या कोनावरून गुणांक थेट मिळे. गुंतलेल्या दोन संख्या अशा प्रकारे प्रथमच विलग झाल्या.

दोष कोठे होता?

परिणाम अनपेक्षित होता. लिलिएंथाल यांचे कोष्टक, त्यांनी तपासलेल्या आकाराच्या पंखापुरते, बऱ्याच अंशी विश्वसनीय ठरले. ‘क’ चे मूल्य मात्र राईट बंधूंच्या मोजमापांनुसार ०.००३३ च्या जवळपास आले. आज मान्य असलेले मूल्यही जवळजवळ तेवढेच आहे. पण केवळ ‘क’ दुरुस्त केल्याने तूट पूर्णपणे भरून येत नाही. ०.००५ ऐवजी ०.००३३ घेतल्यास अपेक्षित उत्थापन दोन-तृतीयांशावर येते. प्रत्यक्ष आकडा एक-तृतीयांश होता. उरलेल्या तुटीचे कारण कोष्टकाच्या वापरात होते. लिलिएंथाल यांचा नमुना लांब, अरुंद व टोकांना निमुळता असून त्याचा बाक वर्तुळखंडाचा होता. राईट यांचा पंख रुंदीच्या जेमतेम तिप्पट लांब होता आणि त्याच्या बाकाचा उंच भाग पुढच्या कडेजवळ होता. एका पंखाचा गुणांक भिन्न आकाराच्या पंखास लावला गेला होता.

१९०२ च्या ग्लायडरमध्ये या निष्कर्षांची परीक्षा झाली. त्याचे क्षेत्रफळ ३०५ चौरस फूट, म्हणजे आधीपेक्षा फारसे अधिक नव्हते. परंतु पंख ३२ फूट लांब व ५ फूट रुंद केलेले होते. या वेळी उत्थापन गणिताशी जुळले. १७ डिसेंबर १९०३ च्या इंजिनयुक्त उड्डाणाचे पंख याच माहितीवर आखलेले होते. विल्बर यांच्या निधनानंतर १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात लिलिएंथाल यांच्या कार्याचा आदरपूर्वक गौरव आढळतो.

आधुनिक स्वरूप

पुढील काळात ‘क’ सूत्रातून बाद झाला. त्याच्या जागी घनता व वेगवर्ग यांच्या गुणाकाराचा अर्धा भाग, म्हणजेच गतिज दाब आला. त्यामुळे गुणांक सपाट पत्र्याच्या तुलनेपासून मुक्त झाला. राईट यांच्या कोष्टकातील आकडे आजच्या पद्धतीत आणण्यासाठी म्हणूनच सुमारे १.३ ने गुणावे लागतात. लांब पंख अधिक कार्यक्षम का असतो, याचे सैद्धांतिक स्पष्टीकरण लुडविग प्रांट्ल यांच्या १९१८-१९ मधील सिद्धांताने मिळाले. १९३३ मध्ये अमेरिकेच्या नाका या संस्थेने ७८ पंखछेदांची मोजमापे प्रसिद्ध केली आणि गुणांकांची कोष्टके अभियंत्यांच्या नित्य वापरात आली.

निष्कर्ष

१. उत्थापन गुणांक ही पंखाची सुटी, निरपेक्ष संख्या नव्हे. आकार, आघातकोन व मापनाची पद्धत सांगितल्याशिवाय तिला अर्थ नसतो.

२. अधिकारी व्यक्तीच्या नावाने रूढ झालेला आकडा दीर्घकाळ तपासणीविना टिकू शकतो आणि त्याचा दोष भलत्याच संशोधकाच्या माथी येऊ शकतो.

३. राईट बंधूंचे यश केवळ धाडसाचे नव्हे. दोन अज्ञातांपैकी एक नाहीसे करणारा तराजू रचणे, हे त्यांच्या संशोधनपद्धतीचे मर्म होय. पदवी स्तरावर हे सूत्र शिकविताना त्यामागील हा इतिहासही सांगितला गेल्यास, स्थिरांक हे मोजून ठरविले जातात व म्हणून पुन्हा मोजता येतात, ही जाणीव विद्यार्थ्यांत रुजू शकेल.