श्यामची आई : रडवणारी आणि लढवणारी

'श्यामची आई' म्हटलं की आपल्याकडे लोक आधी रुमाल शोधतात. याचं श्रेय आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला आणि थोडा दोषही त्यालाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी श्रेय. चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. वनमालाबाईंची आई आणि छोट्या माधव वझेंचा श्याम आजही जुने वाटत नाहीत. वसंत देसाईंचं संगीत, आशाताईंनी गायलेलं कृष्ण-द्रौपदीचं गाणं... पुस्तक न वाचलेल्या घरांतही ही आई पोचली. पुस्तकवेडा म्हणून मला याचा आनंदच आहे.

आता तक्रार. साने गुरुजींनी हे पुस्तक कुठे लिहिलं? नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. म्हणजे सत्याग्रही कैदी आपल्या आईबद्दल लिहितोय. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. पुस्तकाच्या बेचाळीस रात्रींत श्याम आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो, मध्येच थांबतो, आजच्या समाजाबद्दल बोलतो. पडद्यावर गोष्ट आली, पण हे थांबणं आणि बोलणं मावलं नाही. आई उरली, तिच्याकडून मुलाने काय घेतलं ते मागे पडलं.

एकच प्रसंग घ्या. अस्पृश्य म्हातारीची मोळी रस्त्यात पडते, कोणी उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर! हे दोन्ही एकाच आईच्या तोंडी आहे. काळाने तिला जेवढं जाऊ दिलं तेवढी ती गेली. गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

पुढचं काम मुलाने केलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ ला उपोषणाला बसले. १० मे रोजी उपोषण सुटलं, मंदिराची दारं उघडली. स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी! मोळीपासून विठ्ठलाच्या पायांपर्यंतचा हा रस्ता आहे. या प्रवासात आंघोळ गळून पडली.

अत्र्यांवर अन्याय नको. १९५३ च्या प्रेक्षकाला हे सांगायची गरजच नव्हती. गुरुजी जून १९५० मध्ये गेले होते, पंढरपूर सगळ्यांच्या आठवणीत ताजं होतं. तो प्रेक्षक मोळी बघताना पंढरपूर मनात धरून बसलेला असणार. अडचण आपली आहे. आपल्याकडे चित्रपट उरला, त्याच्या मागचा इतिहास पुसला गेला. मग मातृदिनाला आईचा फोटो टाकायचा, डोळे पुसायचे, आणि गावात कोणाला देवळाच्या पायरीवर अडवलं तर गप्प बसायचं!

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा कृष्णधवल पडद्यावर आणली. मुलांना दोन्ही चित्रपट जरूर दाखवा. पण त्याआधी मोळीची ती रात्र पुस्तकातून मोठ्याने वाचा. पोरं विचारतीलच, "मदत केली, मग आंघोळ कशाला?" तिथे पुस्तक मिटू नका. पंढरपूरची गोष्ट तिथूनच सुरू करा.