आभासी डेस्कटॉप : दूरस्थ जोडणीतील दोषशोधन

दूरच्या सर्व्हरवर चालणारा डेस्कटॉप उघडेनासा झाला, काळा पडला किंवा मध्येच तुटला, तर दोष नेमका कुठे आहे हे हुडकण्याची रीत. सिट्रिक्सचे विनफ्रेम (१९९५) आणि विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती (१९९८) यांच्यामुळे दूरच्या डेस्कटॉपची सोय कचेऱ्यांत रुळली. भारतात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कचेरीतला संगणक घरून उघडण्याची गरज एकदम वाढली. ‘व्हीडीआय (आभासी डेस्कटॉप) उघडत नाही’ या तक्रारीवर पहिला संशय सहसा नेटवर्कवर घेतला जातो. तो बऱ्याचदा घाईचा ठरतो. जोडणी टप्प्यांनी होते : यंत्राचे नाव सापडते, पोर्ट उघडते, ओळख पटते, ब्रोकर यंत्र नेमून देतो, प्रोफाइल चढते आणि मग चित्र दिसते. यांपैकी कोणता टप्पा शेवटचा पार पडला, हे कळल्याशिवाय काढलेला निष्कर्ष म्हणजे अंदाज.

याचा सर्वांत बोलका पुरावा २०१८ चा. विंडोजमधील क्रेडएसएसपी या ओळख-पडताळणीच्या यंत्रणेतली त्रुटी (सीव्हीई-२०१८-०८८६) मार्चमधील अद्ययावतीकरणाने बुजवली गेली; मेमधील अद्ययावतीकरणाने मूळ मांडणीच कडक केली. परिणामी अद्ययावत झालेला क्लायंट, न झालेल्या सर्व्हरला जोडून घेईना. पिंगला उत्तर येत होते, दूरस्थ डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट उघडे होते, पासवर्ड बरोबर होता. तरी पडद्यावर ‘एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन’चा संदेश. इथे राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग शून्य. घड्याळाचेही तसेच. केर्बेरॉस ही ओळख-पडताळणीची पद्धत दोन यंत्रांच्या घड्याळांत मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. जुन्या स्नॅपशॉटवरून परत आणलेल्या यंत्राचे डोमेनशी असलेले नातेही तुटू शकते, कारण यंत्राच्या खात्याचा पासवर्ड ठरल्याप्रमाणे दर ३० दिवसांनी बदलत असतो आणि स्नॅपशॉटमध्ये जुनाच राहिलेला असतो.

नेटवर्क आधी तपासणे स्वस्त पडते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तपासणी नेमकी कशाची, हे ठाऊक हवे. ३३८९ वरची नेहमीची चाचणी फक्त टीसीपी पाहते. आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) ८.० पासून चित्र यूडीपीनेही येते. यूडीपी अडले की जोडणी टीसीपीवर उतरते, चाचणी उत्तीर्ण होते आणि वापरणारा मात्र तुटक चित्राने कावतो. ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये तर यंत्रच आतून ४४३ वरून बाहेर जोडणी करते, त्यामुळे तिथे आत येणारे ३३८९ बंद दिसले म्हणून दोष सापडला असे होत नाही. दुसरा आक्षेप रीस्टार्टचा : सारे सुरळीत होते, मग खोलात कशाला जायचे? सामायिक डेस्कटॉपमध्ये प्रत्येक लॉगिनला वेगळे यंत्र मिळू शकते. प्रोफाइल एफएसलॉजिक्सच्या व्हीएचडी (आभासी डिस्क) फाइलीत असेल आणि जुन्या सत्राने ती धरून ठेवली असेल, तर यंत्र कितीही वेळा बदला, कुलूप तसेच राहते. शिवाय घाईने रीस्टार्ट केल्यास सत्राची अवस्था पुसली जाते आणि मग इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते.

देवनागरी टंकलेखन : आरडीपी क्लायंट सहसा अक्षर नव्हे, कळीचा संकेतांक पाठवतो. म्हणून कोणते अक्षर उमटेल हे दूरच्या सत्रातील कीबोर्ड मांडणी ठरवते. घरच्या संगणकावर इन्स्क्रिप्ट निवडलेला असूनही दूरच्या सत्रात रोमन अक्षरे उमटतात ती यामुळे. अशा वेळी भाषा त्या सत्रात जोडावी. स्थानिक संगणकाशी खेळू नये.

मुद्रण व ध्वनी : बहुधा ड्रायव्हर किंवा धोरणाचा प्रश्न.

परवाना : रिमोट डेस्कटॉप सर्व्हरला परवान्याविना १२० दिवसांची मुदत मिळते; ती संपली की काल चाललेली जोडणी आज नाकारली जाते.