इरल्याखालची लोकर

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालं की आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागतं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं गडावरून या गावी आलं. गावाला संस्थानी थाट मिळाला, पण भोवतालची शेती भाताचीच राहिली. आषाढात घाटावरून झोंबरं वारं सुटलेलं असताना गार चिखलात दिवसभर वाकून रोप लावायची, तर अंग राखायला हवं. त्यासाठी शाहूवाडीकडच्या माणसांची तयारी ठरलेली: आत घोंगडं, वर इरलं.

इरलं म्हणजे कळकाच्या कांबट्यांचं जाळं आणि त्यात दाबून बसवलेली रुंद पानं. उपड्या होडीसारखं ते डोक्यावरून पाठीवर उतरतं आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. त्याची खरी करामत माणूस वाकल्यावर कळते. उभ्यानं ते थोडं बोजड, पण वाकलेल्या पाठीवर चपखल बसतं.

आतलं घोंगडं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. मेंढ्या धनगरांच्या, विणकाम बहुतेक सणगरांचं, खड्डा मागावर, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत अजूनही घोंगड्यांचा बाजार भरतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिते आणि तरीही ऊब सोडत नाही, कारण तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते.

नेमकी हीच जोडी, आत लोकर आणि वर पाणी अडवणारं आवरण, तिकडे इंग्लंडात पाणबुड्यांच्या अंगावर चढली. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड बनवलं. अशा कापडाचे पाणबुड्यांचे पोशाख पुढे आले; त्यातला डीन बंधूंनी बनवलेला पोशाख मात्र, इरल्यासारखाच, खालून उघडा होता. पाणबुड्या उभा असेपर्यंत शिरस्त्राणातली हवा पाणी थोपवून धरायची; तो फार वाकला किंवा पडला की पाणी थेट तोंडाशी! इरलं वाकण्यासाठीच घडलेलं, आणि हा पोशाख वाकलं की दगा देणारा. ऑगस्टस सीबेनं १८३७ च्या सुमारास शिरस्त्राण आणि पोशाख जोडून सगळं बंद केलं. १७८२ मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजावर १८३९ पासून कर्नल पास्ली यांच्या देखरेखीखाली जे काम चाललं, त्यात हा बंद पोशाख कसाला लागला आणि टिकला. त्याच्या आत पाणबुडे जाड लोकरीचे कपडे घालत.

आजचा ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा बंद पोशाख, त्याच घराण्यातला. आइसलँडमधल्या सिल्फ्रा भेगेत वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअसचं पाणी असतं आणि तिथे स्नॉर्कलिंग करायचं ते बहुतेक ड्रायसूट घालून. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, म्हणून गळा आणि मनगटं रबरी पट्ट्यांनी घट्ट बंद करतात. पाण्यात उतरण्यापूर्वी उकिडवं बसून, गळ्याची पट्टी बोटानं जरा ओढून आत कोंडलेली जादा हवा बाहेर काढावी लागते. सगळं बंद केल्याची ही किंमत! इरल्याला तो त्रास नाही. घाम आपोआप वाऱ्यावर जातो.

शिवारात आता इरल्याच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे. तो स्वस्त आणि हलका, पण आत घाम कोंडतो आणि कपडे तसेच भिजतात. लोकरीचं महत्त्व मात्र थंड पाण्यात तसूभरही कमी झालेलं नाही. तेव्हा सिल्फ्राला निघालेल्या कोल्हापूरकरानं ड्रायसूट भाड्यानं खुशाल घ्यावा, पण त्याच्या आत सुती बनियन आणि जीन्स घालू नये. लोकरीचे मोजे आणि आतले लोकरी कपडे घरूनच न्यावेत.