पाहुण्यांचे घर

बायबलमधील बेथनी गावात मार्था आणि मेरी या बहिणींनी येशूचा पाहुणचार केला, अशी कथा आहे. त्या गावाचे नाव घेऊन बर्लिनमध्ये १८४७ साली ‘बेटानिएन’ हे प्रॉटेस्टंट सेविकांचे रुग्णालय सुरू झाले. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याचा त्याला आश्रय होता. पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेला टेओडोर फोंटाने १८४८-४९मध्ये येथे दोन सेविकांना औषधे तयार करण्याचे शिक्षण देत असे.

१९६१ साली बर्लिनची भिंत या आवाराच्या अगदी जवळून गेली आणि क्रॉइत्सबेर्ग हा भाग पश्चिम बर्लिनच्या कडेला पडला. १९७० साली रुग्णालय बंद झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये तरुणांनी आवारातील ‘मार्था-मारिया’ या घराचा ताबा घेतला व तेथे बिऱ्हाड थाटले. मुख्य इमारत पाडली जाण्यापासून वाचली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यास तिच्यात ‘क्युन्स्टलरहाउस बेटानिएन’ ही कलासंस्था आली. देशोदेशींचे चित्रकार, शिल्पकार येथे काही महिने राहून काम करू लागले. खर्च बहुधा त्यांच्या मायदेशातील संस्था उचलत. साहजिकच, ज्यांच्या मागे अशी संस्था नाही, त्यांना हे दार तितकेसे सहज उघडत नसे.

अशा निवासी उपक्रमांचा इतिहास सहसा नामवंत पाहुण्यांच्या यादीने सांगितला जातो. बेटानिएनचा इतिहास मात्र घरापासून सुरू करावा लागतो. कलावंताला मिळालेली रिकामी खोली कोणाच्या तरी जाण्याने रिकामी झालेली असते. वस्तीने आपले रुग्णालय गमावले, तेव्हा कलेला छप्पर मिळाले.

हा ताण २००५ साली उघड झाला. दुसऱ्या एका घरातून पोलिसांनी बाहेर काढलेल्या मंडळींनी बेटानिएनच्या दक्षिण भागात मुक्काम ठोकला. इमारत खासगी हाती जाऊ नये म्हणून रहिवाशांनी सह्यांची मोहीम चालविली. एकाच छपराखाली नांदणे कलासंस्थेला अवघड झाले आणि २०१० साली तिने जुने घर सोडून क्रॉइत्सबेर्गमध्येच दुसरीकडे बस्तान हलविले. नाव तेवढे बरोबर नेले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नव्हते. वर्षभरासाठी आलेल्या परक्या कलावंताला निवांतपणा हवा असतो. शेजाऱ्याला आयुष्य तेथेच काढायचे असते. पाहुण्याला खोली देणारी संस्था स्वतःही त्या वस्तीत पाहुणीच असते, हे बेटानिएनला उमजायला तीन दशके लागली.