एकट्याने जाऊ का शाळेत?

मागच्या रविवारी ताईचा लंडनहून फोन. भाचा आठ वर्षांचा झालाय आणि त्याला एकट्याने शाळेत जायचंय. शाळा दहा मिनिटांवर. ताई नाही म्हणते, भाऊजी म्हणतात जाऊ दे. "तू सांग, कोण बरोबर?" आता मी पडलो इंजिनियर. मत द्यायच्या आधी डेटा बघायची वाईट खोड!

डेटा सापडला तो नेमका इंग्लंडचाच. मेयर हिलमन, जॉन ॲडम्स आणि जॉन व्हाइटलेग या तिघांचा 'वन फॉल्स मूव्ह' नावाचा अहवाल, १९९० सालचा. १९७१ मध्ये झालेली शाळकरी मुलांची पाहणी त्यात पुन्हा केली होती. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये ९ टक्के. मी आधी चक्क ९० वाचलं.

गंमत म्हणजे याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्याही घटली होती. म्हणजे रस्ते सुरक्षित झाले? छे, असं या मंडळींचं म्हणणं. गाड्या वाढल्या म्हणून आईबापांनी पोरं घरात घेतली, मग अपघात होणार कुणाला? युजरच काढून टाकायचे आणि बग येत नाहीत म्हणून पार्टी करायची, तसलाच प्रकार. अहवालाचं नावही एका सरकारी पोस्टरवरून घेतलंय. एक पाऊल चुकलं की मेलास, असं ते पोस्टर मुलांना बजावायचं. म्हणजे चूक पोराची. गाडीवाल्याला कोण बोलणार!

हे वाचताना हॉलंडची आठवण झाली, कारण साल तेच. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर चारशेहून जास्त मुलं मेली. त्यातली एक व्हिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी. १९७२ मध्ये त्याने 'डे टाइड' या वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा 'बालहत्या थांबवा'. अपघात नाही, हत्या! त्याच नावाची चळवळ उभी राहिली, आईबाप पोरांना घेऊन रस्ते अडवून बसले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी गाड्या बंद ठेवल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा दिसतो तेही लोकांनी पाहिलं. १९७६ मध्ये 'वोनर्फ'ला कायद्याने मान्यता मिळाली. वोनर्फ म्हणजे राहत्या वस्तीतला असा रस्ता, जिथे मुलांनी मधोमध खेळायचं आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं.

ताईला हे सगळं ऐकवलं. "अरे, म्हणजे भांडण माझं आणि ह्यांचं नाहीच की! पण मी उद्या सकाळी काय करू?"

मी विचारलं, वाटेत रस्ते किती ओलांडायचे? म्हणाली एकच, पण त्यावर गाड्या सुसाट.

तूर्तास तह झालाय. भाचा पुढे चालणार, ताई वीस पावलं मागून. भाच्याला हे अजिबात मान्य नाही.