नोकरी सांभाळून डॉक्टरेट : एका संशोधिकेचा मार्ग

बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी या आपल्या परिसरात विज्ञान शिकविणारे अनेक शिक्षक आहेत. रुग्णालयांत व कारखान्यांच्या प्रयोगशाळांत काम करणारे पदवीधरही आहेत. त्यांपैकी काहींच्या मनात पीएच.डी. करण्याची उमेद असते; परंतु घर आणि नोकरी सांभाळून हे जमावे कसे, या प्रश्नापाशी ती अडते. हा प्रश्न नवा नाही. आपल्यापूर्वी ज्यांनी तो सोडविला, त्यांच्या चरित्रांत डोकावणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आइन्स्टाइनचे. 1902 पासून तो बर्न येथील पेटंट कचेरीत पूर्णवेळ नोकरीस होता आणि 1905 मध्ये त्याने झुरिच विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. परंतु त्याचे काम सैद्धांतिक होते. त्याला कागद आणि लेखणी पुरेशी होती. प्रायोगिक विज्ञानात प्रयोगशाळेचे दार उघडे असावे लागते. सी. व्ही. रामन 1907 मध्ये कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात अधिकारी झाले. कचेरीच्या आधी आणि नंतर ते ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत प्रयोग करीत. त्यांच्या चिकाटीइतकेच महत्त्व त्या संस्थेने उघडलेल्या दारालाही आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचे. त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर त्यांनी 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी हा त्यांचा विषय होता. 1939 मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झालेला होता. पुढे त्या मुंबईस आल्या.

मुंबईत 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्या काम करू लागल्या. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हेच त्यांचे मार्गदर्शक झाले. तेथे काम करीत असतानाच त्यांनी मुंबई विद्यापीठासाठी संशोधन केले व 1949 मध्ये पेशीविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. विशेष म्हणजे, आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणीही त्यांनी केली.

यातून बोध काय? केवळ रात्री जागून प्रबंध होत नाही. बाईंची नोकरी व संशोधन एकाच छताखाली होते, आणि मार्गदर्शक हाताशी होते. म्हणून आपल्याकडील उमेदवारानेही आपल्या कामाजवळचा विषय निवडावा. कारखान्यातील रसायनतज्ज्ञाला उसाचा रस आहे, शिक्षकाला परिसरातील पाणी, माती आणि पिके आहेत. 1968 साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर शेजारी राहुरीलाच आहे.

दुसरी बाजू संस्थांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता दिली आहे. परंतु नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक ठरविले आहे. उमेदवाराला संशोधनास पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल, असे त्यात संस्थेने लिहून द्यावयाचे असते. मुदत सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने ती दोन वर्षे वाढू शकते. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे.

तेव्हा हे प्रमाणपत्र म्हणजे नुसता शिक्का नव्हे. ते संस्थेने दिलेले वचन आहे. वेळापत्रकात आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवली, प्रयोगशाळेची किल्ली विश्वासाने हाती दिली, तरी पुष्कळ साधेल. कष्ट उमेदवाराने करावेत, दार संस्थेने उघडावे. त्या शिक्षकाने मिळविलेले ज्ञान अखेर आपल्याच मुलामुलींच्या वर्गात परत येणार आहे.